दप्तरावरचं नाव



डिसेंबर आला की आपण सगळे गाडगेबाबांवरचं दहा ओळींचं भाषण शोधायला लागतो. जन्म 23 फेब्रुवारी 1876, गाव शेंडगाव, मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर, हातात झाडू, डोक्यावर गाडगं. पोरं पाठ करतात, टाळ्या पडतात, झालं. मीही वर्षानुवर्षं हेच करून घेतलंय, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही. पण मी शिकवते वलगावला. अमरावतीहून परतवाड्याकडे निघालात की पेढी नदीचा पूल लागतो. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे नेत असताना याच पुलाजवळ, गाडीतच बाबांनी प्राण सोडला. तुमच्याकडे तो पाठ करायचा धडा असेल, आमच्याकडे तो रोजचा जाण्यायेण्याचा रस्ता आहे. म्हणून आज भाषण देत नाही. गरिबांच्या लेकरांसाठी दानावर शाळा चालवताना काय काय होतं आणि माझं त्याबद्दल काय मत झालंय, ते सांगते.

आमची शाळा एका छोट्या संस्थेची, विनाअनुदानित, चौथीपर्यंतची. "जिल्हा परिषदेची शाळा असताना तुमची कशाला?" असं लोक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं शेतमजुरांची आणि वीटभट्टीवाल्यांची आहेत. आईबाप पहाटे निघतात ते दिवेलागणीला परततात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन धुऱ्यावर बसलेली असते, तिची शाळा तिथंच सुटते. मेळघाटातून खाली कामाला आलेली कोरकू कुटुंबंही असतात, ती होळीला परत जातात. अशा लेकरांना संध्याकाळी सहापर्यंत सांभाळणारी शाळा लागते, म्हणून आम्ही आहोत. बाकी आम्ही काही जगावेगळं शिकवत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सद्गृहस्थांनी आमच्या शाळेला चाळीस दप्तरं दिली. दप्तरं चांगली होती, चेनसुद्धा मजबूत. कार्यक्रम झाला, फ्लेक्स लागला, प्रत्येक मुलाला पुढे बोलावून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरीतल्या एका मुलीचे वडील दारात उभे. हातात दप्तर.

"मॅडम, हे वापस घ्या. पोट्टी म्हन्ते, हे घेऊन मी शाळेत जात नाही."

"काहून? फाटलं का?"

"फाटलं नाही. त्यावर 'गरीब व गरजू विद्यार्थ्यांस सप्रेम भेट' असं लिवलं हाये म्हन्ते. आम्ही गरीब आहो, थे गावाले मालूम हाये. पाठीवर लिवून कायले फिरवता तिले?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या अक्षरांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं, हे जास्त लागलं. आदल्या दिवशी मीच त्या मुलीचा खांदा धरून तिला फोटोसाठी सरळ उभं केलं होतं, "हस ना थोडं" असंही म्हटलं होतं. तिनं वाचलं, कारण तिला वाचायला मीच शिकवलं. मॅडमला मात्र वाचता आलं नाही.

तेव्हापासून गाडगेबाबा मला वेगळे दिसायला लागले. आपण त्यांचा झाडू तेवढा उचलला आणि त्यांचा हिशेब विसरलो. बाबा मागायचे, भरपूर मागायचे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, त्या काय स्वतःच्या पैशानं? लोकांच्याच पैशानं. पण त्यातला पैसा स्वतःकडे ठेवला नाही. अंगावर चिंध्या आणि खायला मागून आणलेली भाकर, एवढाच त्यांचा संसार. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या वसतिगृहासाठी. आयुष्यभर जमवलेल्यातलं असं उचलून देणं सोपं नाही. आम्हाला तर स्टाफरूममधलं कपाट दुसऱ्या वर्गाला द्यायचं म्हटलं तरी आठ दिवस लागतात.

आणि शिक्षणाबद्दल ते लोकांना काय सांगत? घरातलं ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला कमी भावाचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घाला, अशा अर्थाचं. जरा नीट बघा, हे त्यांनी गरिबालाच सांगितलं. त्याला बिचारा समजून त्याच्या हातात काही टेकवलं नाही. तू हे करू शकतोस, तुझ्या घरात विकण्यासारखं ताट आहे, असं मानून ते त्याच्याशी बोलले. 8 नोव्हेंबर 1956 ला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. मिळालं तर पाठांतराआधी मुलांना ते ऐकवा. अर्धं भाषण लोकांना प्रश्न विचारण्यातच जातं, आणि लोक उत्तरं देतात.

आता पैशाचं. दानावरच्या शाळेला नेमकं काय लागतं, हे बाहेरून कळत नाही. लोक वह्या देतात, दप्तरं देतात, 20 डिसेंबरला स्वेटर आणि 26 जानेवारीला बुंदीचे पुडे देतात. एका वर्षी तर आमच्याकडे इतक्या कंपासपेट्या आल्या की पहिलीच्या मुलांनी त्यात गोट्या ठेवल्या. पण वीजबिल कुणी देत नाही. संडास धुणाऱ्या मावशीचा पगार कुणी देत नाही. पाण्याच्या मोटरीचं जळालेलं वायंडिंग, ऑटोचं भाडं, एखाद्या लेकराला ताप आला तर दवाखान्याची चिठ्ठी, यातलं काहीच फोटोत चांगलं दिसत नाही. शालेय पोषण आहार सरकारी आणि अनुदानित शाळांना मिळतो, आम्हाला नाही. त्यामुळे दुपारची खिचडीसुद्धा दानावर. तांदूळ मिळतो हो, गॅस सिलिंडर मिळत नाही.

सगळ्यात मोठ्या देणगीदाराचं नाव तर कुठल्याच पाटीवर नसतं. तो म्हणजे निम्म्या पगारावर, कधी बिनपगारी काम करणारा शिक्षक. माझ्यासारख्या डी.एड. झालेल्यांना हे सांगायला नको. 2012 नंतर राज्यात भरती थांबली, पवित्र पोर्टलची वाट बघता बघता वयं गेली, आणि आम्ही मिळेल त्या संस्थेत मिळेल त्या मानधनावर लागलो. "समाजसेवा आहे" असं आम्हाला सांगितलं जातं. समाजसेवा ज्याची त्यानं ठरवायची असते, नेमणूकपत्रात लिहून द्यायची नसते. धर्मादाय शाळा काढणाऱ्यांनी पहिली देणगी शिक्षकाच्या पगारासाठी मागावी, इमारतीचं नंतर बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. भिंती नसलेल्या शाळेत मुलं शिकलेली मी बघितली आहेत. दर सहा महिन्यांनी बाई बदलणाऱ्या शाळेत नाही.

नावाची हौस फक्त सद्गृहस्थांना असते असंही नाही. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं दत्तक शाळा योजना आणली. कंपनीनं किंवा व्यक्तीनं सरकारी शाळा दत्तक घ्यायची, रोख रक्कम न देता वस्तू आणि सेवा द्यायच्या, आणि हवं असल्यास शाळेला आपलं नाव जोडायचं. ग्रामीण भागातल्या शाळेसाठी 5 वर्षांना 50 लाखांचं आणि 10 वर्षांना 1 कोटीचं मूल्य ठरवलं. शाळेला मदत येते हे मला कळतं, गळकं छत मीही पाहिलंय. पण 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण हा 2010 पासून लागू असलेल्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. हक्काच्या वस्तूवर दात्याचं नाव आलं की मूल तिथं पाहुणं होतं. चाळीस दप्तरांवर जे झालं, ते मग अख्ख्या शाळेच्या पाटीवर होणार.

नाव देणं वाईटच असतं का? नाही. आमच्याच रस्त्यानं पुढे परतवाड्याजवळ वझ्झर आहे. तिथं शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना वाढवलं, आणि कागदावर वडिलांच्या जागी स्वतःचं नाव लावलं. 2024 ला त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनीही नावच दिलं, पण त्या नावामागे मुलाची जन्मभराची जबाबदारी आली. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलांनी बालगृह सोडायचं, हा नियम अशा मुलांना लावू नका, म्हणून ते वर्षानुवर्षं सरकारशी भांडत आले. आणि नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांची प्रश्नचिन्ह शाळा. जिल्हा परिषदेची शिक्षकाची नोकरी सोडून या माणसानं आपल्या फासेपारधी समाजाच्या पोरांसाठी ती काढली. 2019 ला समृद्धी महामार्गाच्या कामात शाळेचं बरंचसं बांधकाम पडलं, त्यात ग्रंथालयही गेलं. लोकांनी दिलेल्या पैशातून उभं राहिलेलं एका दिवसात जातं. तेव्हा दानाच्या शाळेला दानासोबत कायद्याचा आधारही लागतो.

दप्तराच्या प्रसंगानंतर आमच्याकडे भांडण झालं. मी म्हटलं, यापुढे वस्तूवर छापील नाव नको, वाटपाचा फोटो नको. आमचे संस्थेचे कोषाध्यक्ष म्हणाले, "मॅडम, नाव नाही टाकलं तर देईल कोण? तुमच्या तत्त्वावर पोट्ट्यांच्या खिचडीत मीठ पडत नाही." त्यांचंही खोटं नाही, गेली पंधरा वर्षं दारोदार तेच फिरतात, मी नाही. शेवटी ठरलं ते असं. दात्याचं नाव ऑफिसातल्या फळ्यावर महिनाभर राहील, खाली जमा-खर्च खडूनं लिहिला जाईल, कुणीही येऊन बघावा. मुलांना वस्तू सुट्टीच्या दिवशी बाकावर ठेवून दिली जाईल. सोमवारी मूल आलं की वस्तू त्याची. फोटो काढायचाच असेल तर वर्ग चालू असताना मागच्या दारातून काढा, मुलं फळ्याकडे बघत असतील.

दोन नेहमीचे दाते यामुळे तुटले. एक नवे मिळाले, ते मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवतात. त्यांनी आमची मोटर बांधून दिली आणि बिलावर फक्त तारीख टाकली. बाकी वर्ष ओढाताणीचं गेलं, जानेवारीचं मानधन आम्हाला मार्चमध्ये मिळालं.

ते परत आलेलं दप्तर अजून माझ्या टेबलाखाली आहे. अक्षरं रॉकेलनं पुसून बघितली, जात नाहीत. ती मुलगी आता पाचवीला जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. परवा रस्त्यात भेटली, पाठीवर खताच्या पिशवीचं शिवलेलं दप्तर होतं. आईनं शिवलं म्हणाली, आणि आतला पेनाचा खिसा उघडून दाखवला.