शेतशिवारातलं बेट

पाण्यानं वेढलेलं बेट धाराशिवकरांच्या वाट्याला आलं नाही. त्यांचं बेट झाडांचं आहे. चहूबाजूंनी ज्वारी-सोयाबीनची शेतं आणि मधोमध येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य, 1997 साली जाहीर झालेलं, जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं. पायऱ्या उतरून महादेवापाशी गेलं की बालाघाटाच्या कुशीतला गारवा अंगाला लागतो. जटायूनं इथंच प्राण सोडला, असं जुनी माणसं सांगतात. श्रावणात गर्दी उसळते. एरवी मोराची एक केका घाटभर घुमत राहते. 2024च्या डिसेंबरात या बेटावर वाघ कॅमेऱ्यात दिसला, पार यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला. शेतं, रस्ते, वस्त्या ओलांडून त्यानं नेमकी हीच सावली हेरली! अशा जागी माकडांपुढे बिस्किटाचे पुडे धरणं थांबलंच पाहिजे, भूतदया म्हणूनसुद्धा नको. कठड्यावरची वानरीण बघा: पोटाला बिलगलेलं पिल्लू, एका हातात नारळाची भकल, दुसऱ्यात चुरगळलेला चकचकीत कागद. दोन्ही ती सारख्याच आवडीनं चाटते, आणि डोक्यावरच्या फांदीची कोवळी पालवी तशीच राहते.