आसन आणि अंगलट

गेल्या वैशाखांत एके सायंकाळीं दहिवलीस आमच्या ओटीवर माझा एक जुना विद्यार्थी आला. वय पंचेचाळिशीचें, उंची सहा फूट दोन इंच, आणि खांदे असे रुंद कीं दारांतून येतांना त्यास किंचित् तिरपें व्हावें लागलें. "गुरुजी, एक मोटार घेणार आहें. सोमवारीं विसार द्यावयाचा आहे. पण आई म्हणते, गुरुजी बरें म्हणतील तरच दे. आपण एकदां पाहावी." मोटारींतलें मला काय कळणार, असें मीं म्हटलें, तथापि त्याच्या मातोश्रींचा निरोप मोडवेना.

ही मोटार नेहमींच्या प्रकारची नव्हती. इंग्लंडांत कॉलिन चॅपमन यांनीं १९५७ सालीं 'लोटस सेव्हन' नांवाची एक लहानशी, उघडी, दोन माणसांची धांवती गाडी काढली. वजन जेमतेम पांचशें किलोंच्या आसपास, आणि बसणारा जवळजवळ जमिनीलाच टेकलेला. १९७३ सालीं ती बांधण्याचा हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेला, आणि तिच्या प्रतिकृति तर देशोदेशीं झाल्या. आपल्या रायगड जिल्ह्यांतही अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या कारखान्यानें त्याच धर्तीची 'रोडस्टर' बांधली. तिचें अंग फायबरग्लासचें व इंजिन इसुझूचें, १.८ लिटरचें. माझ्या विद्यार्थ्यानें पाहिलेली गाडी मात्र त्या कारखान्याची नव्हे. ती पुण्याकडील एका हौशी गृहस्थानें स्वतःच्या हातानें, केवळ खासगी आवारांत चालविण्याकरितां बांधली होती. आणि तो गृहस्थ पांच फूट चार इंच उंचीचा, सडपातळ बांध्याचा होता. पुढील सर्व अडचणीचें मूळ एवढेंच.

रविवारीं सकाळीं आम्ही तेथें गेलों. गाडी दिसावयास मोठी देखणी. हिरवा रंग, लांब नाक, पुढचीं चाकें उघडीं. माझा विद्यार्थी दोन्ही कडांवर हात टेकून हळूहळू आंत उतरला, आणि मग एकेक गोष्ट दिसूं लागली. गुडघे स्टिअरिंगच्या चाकाखालीं अडकले. उजवा खांदा सांगाड्याच्या नळीला लागला. पायाखालचीं पेडलें इतकीं लगत होतीं कीं जोडा ब्रेकवर ठेवला म्हणजे त्याची कड ॲक्सिलरेटरवरही पडे. आणि डोकें पाठीमागच्या पोलादी कमानीच्या चार इंच वर निघालें.

येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. वाहनास उभ्या माणसाची उंची कळत नाहीं. सारख्याच उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचें धड लांब असतें. पहिल्याचे गुडघे अडतात, दुसऱ्याचें डोकें. सबब माप घ्यावयाचें तें बसून घ्यावें. भिंतीला पाठ लावून, जमिनीपासून माथ्यापर्यंत एक, कमरेपासून गुडघ्यापर्यंत दुसरें, आणि खांद्यापासून खांद्यापर्यंत तिसरें. हीं तीन मापें घेऊन गाडी पाहावयास गेलें तर अर्धी निराशा घरींच टळते.

जे उपाय होण्यासारखे होते ते आम्हीं तेथल्या तेथें करून पाहिले. मालक सज्जन होता, त्यानें पाने आणून दिले. बैठकीची जाड गादी काढून तेथें स्पंजाची पातळ पट्टी घातली. माणूस दोन इंच खालीं गेला. पेडलांची पट्टी दोन भोकें पुढें सरकविली. मालकाजवळ लहान व्यासाचें व काढतां-घालतां येणारें एक चाक होतें, तें बसविलें. गुडघे मोकळे झाले व आंत-बाहेर करणेंही सोपें झालें. रुंद जोडे काढून अरुंद, पातळ तळाचे जोडे घालतांच ब्रेक व ॲक्सिलरेटर यांचा घोटाळा मिटला. खांद्याची गैरसोय सोसण्यासारखी होती. एवढें झालें, पण डोकें अद्याप कमानीच्या दोन इंच वरच राहिलें. आणि त्यावर शिरस्त्राण चढवावयाचें होतें तें वेगळेंच.

ही कमान शोभेची नव्हे. गाडी उलटली तर जमिनीचा आघात कमानीनें घ्यावयाचा असतो. डोकें तिच्याहून उंच असेल तर तो मानेस घ्यावा लागतो. अमेरिकेंत पुष्कळ धांवपट्ट्यांवर उघड्या गाड्यांची परीक्षा एका साध्या काठीनें करतात. कमानीच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत काठी ठेवावयाची. शिरस्त्राणासह डोकें तिच्या खालीं असलें पाहिजे. आम्हीं बांबूची काठी आणून पाहिलें. ती डोक्यावरच टेकली.

तेव्हां माझ्या विद्यार्थ्यानें मान खालीं घालून पाठ वांकविली, आणि काठी बसली. "पाहा गुरुजी, आतां जमलें." मीं म्हटलें, "अरे, असा किती वेळ बसशील?" तो हंसून म्हणाला, "वांकून बसण्याची मला संवय आहे. आपल्याच वर्गांत तर लागली."

त्याच्या बोलण्यांत कडवटपणा मुळींच नव्हता, आणि म्हणूनच तें मला अधिक लागलें. तीस वर्षांमागें हा मुलगा माझ्या वर्गांत शेवटच्या बाकावर बसे. त्याचे गुडघे बाकाखालीं मावत नसत, म्हणून तो पाय वाटेंत सोडून तिरपा बसे; आणि मीं त्यास "सरळ बस" म्हणून किती वेळां उभें केलें असेल, त्याची गणना नाहीं. बाक लहान आहे ही गोष्ट मला एकदांही सुचली नाहीं. मुलगा वांकडा आहे एवढेंच मला दिसलें.

आणि हें मला, ज्यानें शुल्बसूत्रें वाचलीं आहेत त्याला, सुचूं नये! अग्निचयनाची वेदी बांधावयाची तर तिचें माप यजमानाच्या शरीरावरून घ्यावें, असें त्या सूत्रकारांनीं सांगितलें. हात वर करून उभा राहिलेला यजमान म्हणजे एक 'पुरुष', त्याचे १२० अंगुलें; आणि वेदीचें क्षेत्र साडेसात चौरस पुरुष. यजमान उंच असेल तर वेदी मोठी होईल. यजमानाचे पाय कापावे असें कोणीं लिहिलें नाहीं. खुद्द कॅटरहॅम कंपनीनेंही पुढें मोठ्या अंगाच्या लोकांकरितां सुमारें ११ सेंटिमीटर अधिक रुंदीचा सांगाडा काढला. मूळ आकृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांनींही शेवटीं माणसाचें माप मान्य केलें.

मीं मालकासमक्ष विद्यार्थ्यास सांगितलें, "ही गाडी उत्तम आहे, पण ती यांची आहे, तुझी नव्हे. विसार देऊं नकोस." त्याचा चेहरा उतरला. लहानपणापासूनची हौस होती. परंतु जमीन खालीं नेण्यास सांगाड्याच्याच नळ्या कापाव्या लागल्या असत्या, आणि नळ्या कापलेला सांगाडा कोणाचेंच रक्षण करीत नाहीं. रस्त्यावर चालणाऱ्या, नोंदलेल्या मोटारीच्या बाबतींत तर आणखी एक अडचण असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें, उत्पादकानें दिलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल करतां येत नाहीं. तेव्हां गादी बदलण्यापलीकडे हात घालण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारावें, हें बरें.

असो. मोटारीची हौस थोड्यांना असते, पण ही गोष्ट घरोघरची आहे. सासूच्या उंचीचा ओटा उंच सुनेची पाठ मोडतो. थोरल्या भावाची सायकल धाकट्याला आसनावर डोलवीत नेते. शाळेंतला बाक सर्वांना एकच. पतंजलींनीं आसन स्थिर असावें आणि सुखकारकही असावें असें म्हटलें. आम्ही स्थैर्य तेवढें मागत आलों आणि सुख म्हणजे चैन असें समजलों. घरांतलें कोणी माणूस वांकडें बसत असेल, तर त्यास बोलण्यापूर्वीं एकदां त्याच्या आसनाला टेप लावून पाहावी.

परततांना तो पुन्हां आमच्या ओटीवर टेकला. मीं घडीची खुर्ची बाजूस सारून वडिलांची रुंद आरामखुर्ची पुढें केली आणि म्हटलें, "बाळ, त्या वेळीं चूक बाकाची होती, आणि माझी." तो कांहीं बोलला नाहीं. चहा येईपर्यंत पाय लांब करून बसला होता.