आधी विष, मागाहून उतारा?

उज्जैनच्या महाकालेश्वराशी कोकणपट्टीचा ऋणानुबंध जुना आहे. त्या देवालयाचा अठराव्या शतकातील जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर या कोकणातून गेलेल्या सारस्वत पुरुषाने केला. त्याच क्षेत्री, महाकाल लोकाच्या नीलकंठ वनात, ७ जानेवारी २०२४ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या हस्ते 'प्रसादम्' या खाऊगल्लीचे उद्घाटन झाले. स्वच्छ व सुरक्षित अन्नाची देशातील पहिली खाऊगल्ली म्हणून तिचा गौरव करण्यात आला. यात्रेकरूच्या पानात काय पडते याची चिंता शासनाने वाहावी, ही गोष्ट आम्हांस स्वागतार्ह वाटते.

परंतु हल्ली एक निराळाच सोपा मार्ग लोकांपुढे मांडला जात आहे. रंगीत, चमचमीत खुशाल खा आणि वर आवळ्याचे चूर्ण नाहीतर हळदीच्या अर्काची गोळी घ्या, म्हणजे झाले! या समजुतीला आधार दिला जातो तो प्रयोगशाळांतील संशोधनाचा. ते संशोधन खोटे नाही. आपल्या पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा काही विध्वंसक कणही निर्माण होतात आणि शरीर आपल्या द्रव्यांनी त्यांना आवर घालते. हा तोल ढळला की पेशींची हानी होते. टार्ट्राझीनसारखा पिवळा रंग किंवा अजिनोमोटो मोठ्या मात्रेत दिलेल्या उंदरांच्या यकृतात अशी हानी आढळली आहे आणि सोबत वनस्पतींचे अर्क दिल्यास ती कमी झाल्याचेही दिसले आहे.

मात्र उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि प्रयोगातील मात्रा म्हणजे ताटातील चिमूट नव्हे. अजिनोमोटोविषयी वाजवीपेक्षा अधिक भीती पसरली आहे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आणि अर्क तरी सर्वस्वी निरुपद्रवी असतात काय? फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. गाजरात असणारे बीटा-कॅरोटीन गोळ्यांच्या रूपाने दिल्यास कर्करोग टळेल, अशी अपेक्षा होती. १९९४ साली निष्कर्ष आले ते उलटेच: गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. गाजर खाणे वेगळे आणि त्यातला एक अंश काढून गिळणे वेगळे! हळदीच्या तीव्र अर्कांनीही काहींच्या यकृतास इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

तेव्हा उतारा शोधण्यापूर्वी विष कोठून येते ते पाहणे शहाणपणाचे. आपल्या कायद्याने मोजक्याच कृत्रिम रंगांना, तेही ठरावीक पदार्थांत व ठरावीक मर्यादेत, परवानगी दिली आहे. मेटॅनिल यलो आणि रोडामाइन-बी हे रंग त्या यादीत मुळीच नाहीत. तरीही ते हातगाड्यांवर पोहोचतात, कारण ते स्वस्त आहेत आणि गिऱ्हाइकाला भडक रंगाची भुरळ पडते. २०२२ साली वास्कोच्या श्री दामोदर सप्ताहाच्या फेरीत गोबी मंचुरियनच्या दुकानांना आळा घालण्याची सूचना अन्न व औषध प्रशासनाने केली. २०२४ साली म्हापसा पालिकेने या पदार्थावर बंदीच घातली. हेतू स्तुत्य होता. पण गोबीने कोणाचे काय घोडे मारले? दोष फुलकोबीचा नसून त्यात पडणाऱ्या रंगाचा आहे. एका पदार्थावर बंदी आली की तोच रंग दुसऱ्या पदार्थात शिरतो आणि गरीब विक्रेत्याचे पोट मात्र मारले जाते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, गोव्यातील प्रत्येक मोठ्या जत्रेत अन्नतपासणीची फिरती गाडी उभी राहावी, विक्रेत्यास पाणी, ओटा व शिकवण मिळावी, आणि त्यानंतरही जो निषिद्ध रंग वापरील त्याची गय होऊ नये. रंग पुरविणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यापर्यंतही कायद्याचा हात पोहोचला पाहिजे. आणि ग्राहकांनीही लालभडकपणाला रुची समजण्याचे सोडावे. आपल्या घरी सोलकढीला आमसुलाने येणारा रंग आणि हुमणाला हळद-मिरचीने येणारा रंग कोणत्या दृष्टीने कमी आहे?

हळद, आवळा, कोकम ही आपल्या स्वयंपाकघरातील दौलत आहे. ती अन्न म्हणून जेवणात असावी. भेसळीला अभय देणारा परवाना म्हणून नव्हे. हलाहल पचविणारा नीलकंठ एकच होता. त्याच्या दर्शनाला जाणाऱ्या सामान्य भक्ताकडून, आणि त्याचा हात धरून जत्रेत हिंडणाऱ्या पोराकडून, त्या सामर्थ्याची अपेक्षा कोणत्याही शासनाने करू नये.