तीन रकान्यांचा तक्ता

हिब्रू काव्याच्या पेपराचा नवा आराखडा गेल्या महिन्यात शिक्षकांच्या हाती पडला आणि तेव्हापासून आमच्याकडे पत्रांची रीघ लागली आहे. स्तोत्रसंहितेतली वचने द्यायची, विद्यार्थ्याने प्रत्येकापुढे समांतरतेचा प्रकार लिहायचा: समानार्थी, विरोधी किंवा संश्लेषी. एका शब्दाला एक गुण. कुणी कारण लिहिलेच, तर ते तपासायचे नाही, अशी तळटीप आहे. ती तळटीप वाचून मला संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

हे तीन रकाने रॉबर्ट लौथ यांचे. त्यांची ऑक्सफर्डमधली लॅटिन व्याख्याने १७५३ साली छापून आली. हिब्रू कवितेत ग्रीक-लॅटिन वृत्ते शोधण्याच्या त्या काळात त्यांनी चरणाला चरण कसा प्रतिसाद देतो हे दाखवले. ते ऋण मोठेच आहे. पण पहिल्या दोन रकान्यांत जे बसले नाही ते सगळे तिसऱ्यात गेले, हे आपण वर्गात सांगतो का? १९८१ मध्ये जेम्स कूगल यांनी दुसरा चरण पहिल्याच्या पुढे जातो, त्याला धार आणतो, असे मांडले. १९८५ मध्ये रॉबर्ट ऑल्टर आणि अडेल बर्लिन यांची पुस्तके आली. बर्लिन यांनी तर समांतरता व्याकरण, शब्द, अर्थ आणि ध्वनी अशा सर्व पातळ्यांवर तपासली. त्यालाही आता चाळीस वर्षे झाली आणि आपली प्रश्नपत्रिका अजून अठराव्या शतकातच आहे.

स्तोत्र ८८ घ्या. मृतांच्या जगाविषयी देवाला विचारलेले लागोपाठचे प्रश्न, हिब्रू क्रमांकाने वचने १२ आणि १३. तक्ता म्हणेल, समानार्थी, आणि गुण मिळेल. पण शब्दांचा क्रम पाहा. आधी कबर, रोजच्या बोलण्यातला शब्द. मग अबद्दोन, विनाशाची जागा. मग अंधार. शेवटी विस्मरणाचा देश. चारही शब्द मृत्यूचेच, पण पायरीपायरीने आपण गावाबाहेरच्या कबरीतून अशा प्रदेशात उतरतो जिथे माणसाची आठवणही उरत नाही. आता यातल्या अंधाराचे धातुरूप स्तोत्रभर शोधा. ते ७ व्या वचनात येऊन गेलेले असते आणि १९ व्या वचनात स्तोत्राचा अगदी शेवटचा शब्द म्हणून परत येते. गुंकेल यांच्या वर्गवारीत हे वैयक्तिक विलापस्तोत्र. अशी स्तोत्रे बहुधा शेवटी विश्वासाकडे किंवा स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. प्रकार माहीत असल्यामुळेच ते न वळणे वाचकाच्या अंगावर येते. प्रकार शिकायचे ते यासाठी. हे ज्या विद्यार्थिनीने चार ओळींत लिहिले, तिची उत्तरपत्रिका तिच्या शिक्षकांनी आम्हाला दाखवली. त्या चार ओळींवर आडवी रेघ आहे.

दुसरी तक्रार क्रमांकांची. हिब्रू पाठात या स्तोत्राचे शीर्षक हेच पहिले वचन धरतात, मराठी बायबलात धरत नाहीत. त्यामुळे हिब्रूतले १२ वे वचन मराठीत ११ वे होते. हे आपल्यापैकी कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही. पण प्रश्नपत्रिकेत मराठी क्रमांक, विद्यार्थ्यापुढे हिब्रू पाठ, आणि कुठला क्रम धरायचा याचा उल्लेख नाही. काहींनी वेगळ्याच वचनाचे उत्तर लिहिले आणि त्यांना शून्य मिळाले. विचारणा केली तेव्हा कार्यालयाचे उत्तर आले: ‘क्रमांक प्रश्नपत्रिकेप्रमाणे धरावा.’ एका माणसाने दोन्ही पाठ शेजारी ठेवून पाच मिनिटे पाहिले असते, तर एवढ्या मुलांचे नुकसान टळले असते.

पण दोष फक्त कार्यालयाचा नाही. तक्ता टिकला आहे तो आपल्यापैकी अनेकांना सोयीचा आहे म्हणून. तपासायला सोपा, जुन्या वह्या चालतात, हिब्रू उघडावेच लागत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा सारा व्याप सांभाळून हिब्रू आणि ग्रीक आत्मसात केली, मुळावरून संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि १९२२ साली देह ठेवला. त्या भाषेत काम करणाऱ्या आपल्याला आठवड्याला एक स्तोत्र मुळातून, मोठ्याने, स्वराघातचिन्हांच्या विरामांनिशी वाचता येऊ नये?

शिक्षकांनो, तळटीप काहीही म्हणो, कारण लिहिलेल्या उत्तराखाली तुमचा शेरा लिहा आणि गुण द्या. फेरतपासणीचे अर्ज मुलांकडून भरून घ्या, त्यांना एकटे सोडू नका. पाळकांनो, येत्या रविवारी स्तोत्र ८८ वर बोला आणि ते जिथे संपते तिथेच थांबा, दुसऱ्या स्तोत्रातले सांत्वन त्याला जोडू नका. आणि सर्वांनी या एका स्तोत्राची आपली चरणवार मराठी मांडणी आम्हाला पाठवा. क्रमांक हिब्रू पाठाचे घाला आणि ते हिब्रू आहेत असे वर स्पष्ट लिहा.