लहान चोराला कोठडी, मोठ्याला तारीख

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे ही गावे साऱ्या महाराष्ट्राला गणपतीच्या मूर्ती पुरवितात. एक उत्सव आटोपला की पुढच्या वर्षाच्या मूर्तींचे काम सुरू होते. माती, रंग आणि मजुरी यांवर वर्षभर खर्च होत राहतो, आणि पैसा हाती येतो तो भाद्रपदाच्या तोंडावर. अशा गावात लागोपाठ तीन-चार दुकाने लुटली गेली, तर लोक काय म्हणतील हे सांगावयास नको. ‘असल्यांना जन्मभर आत टाका,’ हीच मागणी होईल. त्या मागणीमागची भीती खोटी नसते. गल्ल्यावर बसलेला किराणा दुकानदार हा काही भांडवलशहा नव्हे. तोही कष्टाचेच खातो. त्याच्या मानेवर सुरी ठेवणाऱ्याला गरिबांचा कैवारी ठरविणे हा समाजवाद नव्हे, तो भाबडेपणा होय.

प्रश्न आहे तो शिक्षेच्या मापाचा. दंडनीतीचा तराजू सर्वांना एकच आहे काय?

‘जन्मभर आत टाका’ हे धोरण अमेरिकेने पुरेपूर राबवून पाहिले आहे. तेथे जबरी चोरी हा मुळात घटकराज्यांच्या अखत्यारीतील गुन्हा. परंतु १९४६ च्या हॉब्ज कायद्याने आंतरराज्य व्यापाराला बाधा आणणारी लूट हा संघराज्याविरुद्धचा गुन्हा ठरला. कोपऱ्यावरच्या दुकानातील माल परराज्यातून आलेला असतो, एवढ्या आधारावर त्या दुकानाचा लुटारू केंद्राच्या न्यायालयात उभा करता येतो आणि प्रत्येक लुटीला २० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पिस्तूल वापरल्याची शिक्षा त्यावर वेगळी. ह्यूस्टन भागात सहा बँका लुटणाऱ्या एका इसमाला केवळ पिस्तुलाबद्दल पहिल्या लुटीची ५ आणि पुढच्या पाच लुटींची प्रत्येकी २०, अशी १०५ वर्षांची शिक्षा झाली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली ती कायम केली. कॅलिफोर्नियात पूर्वीचे गुन्हे नावावर असलेल्या एकाने दुकानांतून सुमारे दीडशे डॉलरच्या चित्रफिती चोरल्या. त्याबद्दल त्याला किमान ५० वर्षांची जन्मठेप झाली. २००३ साली तीही कायम राहिली. पिस्तुलाच्या शिक्षा अशा एकावर एक रचण्याला अमेरिकेच्या संसदेने अखेर २०१८ साली आवर घातला. परंतु आधीच खितपत पडलेल्यांना ती सुधारणा आपोआप लागू झाली नाही. माणसाचे आयुष्य शंभर वर्षांचे नसते हे ज्या न्यायाला दिसत नाही, त्याला गणित येते, न्याय येत नाही.

आपल्याकडील कायदा त्या मानाने संयमी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जबरी चोरीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. घातक शस्त्र वापरल्यास ७ वर्षांहून कमी शिक्षा देता येत नाही. उलट, पाच हजारांखालची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे.

आता याच पेणमधील दुसरी लूट पाहावी. पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१० मध्ये निर्बंध घातले आणि २०१४ साली तिचा परवाना रद्द केला. बनावट कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये वळविले गेल्याचे आरोप ठेवले गेले. ठेवीदार दोन लाखांच्या घरात होते. येथे सुरी निघाली नाही, कुलूप तुटले नाही. पैसे ठेवणारे आपल्या पायांनी बँकेत आले होते, आणि तेही सहकार या शब्दावर विश्वास ठेवून! मुलीचे लग्न, म्हातारपणाचे औषध, निवृत्तीची पुंजी सारे त्या खातेवहीत अडकले. त्या काळी ठेवीवरील विम्याची मर्यादा होती अवघी एक लाख; ती पाच लाख झाली २०२० साली. स्वतःचेच पैसे मागण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. सुरी दाखवून एवढ्या घरांत शिरावयास एका टोळीला किती जन्म लागले असते?

यावर कायदेपंडित म्हणतील की, बँकरने केलेल्या विश्वासघाताला आपल्या कायद्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ती आहे, परंतु कागदावर. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ साली खास कायदा केला, त्यात तुरुंगवासाची कमाल मुदत ठेवली ६ वर्षे. म्हणजे सुरी दाखवून एक गल्ला लुटणाऱ्याला जी किमान शिक्षा, तिच्याहूनही हजारो ठेवीदारांना बुडविणाऱ्याची या कायद्याखालील कमाल शिक्षा कमी! शिवाय खरा भेद कलमांत नाही, तो जामिनात आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत असलेल्या दर चार बंद्यांपैकी तीन बंदी कच्चे होते, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हावयाचा होता. ज्याच्यापाशी जामीनदार नाही, तो निकालाआधीच शिक्षा भोगतो. ज्याच्यापाशी नामांकित वकील आहेत, तो तारखा भोगतो. हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ सालीच या अन्यायावर बोट ठेवले होते.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर शिक्षेचा धाक तिच्या लांबीवर थोडा आणि तिच्या निश्चितीवर अधिक अवलंबून असतो. बेकारिया या इटालियन विचारवंताने हे १७६४ सालीच सांगितले. दुकान लुटणारा मनुष्य संहितेची कलमे वाचून बाहेर पडत नाही. आपण सापडणार नाही एवढाच त्याचा हिशेब असतो. हिशेब खरोखर मांडून बसतो तो खातेवही बनविणारा. कलमे, पळवाटा, खटल्याला लागणारी वर्षे, सारे त्याला ठाऊक असते. तेव्हा धाकाची गरज अधिक तेथे, आणि आपण तो दाखवितो भलतीकडेच.

म्हणून मागणी अशी हवी. दुकान लुटणाऱ्याला शिक्षा जरूर व्हावी. ती लवकर व्हावी, मापात व्हावी, आणि बाहेर आल्यावर त्याला काम मिळेल असा तुरुंग असावा. बँक बुडविणाऱ्यांचे खटले विशेष न्यायालयात ठराविक मुदतीत निकाली निघावेत, आणि जप्त मालमत्ता विकून आलेला पैसा सर्वांआधी लहान ठेवीदाराच्या हाती पडावा. ज्या दिवशी हमरापूरच्या दुकानदाराला त्याच्या गल्ल्याचा चोर आणि त्याच्या ठेवीचा चोर एकाच पिंजऱ्यात, एकाच घाईने उभा केलेला दिसेल, त्या दिवशी कायद्यापुढे सर्व समान आहेत असे त्याला सांगण्याचा अधिकार सरकारला प्राप्त होईल. तोवर कडक शिक्षेची गर्जना म्हणजे दुबळ्यावर उगारलेली काठी, याहून अधिक काही नाही.