भाकितापेक्षा चौथ्या आठवड्याची भेट मोलाची



किशोरवयीन मुलांच्या नैराश्यावर कोणते औषध लागू पडेल हे जनुकीय चाचणी आधीच सांगते, असे सुचवणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. शाळेत समुपदेशन करताना 'ह्या गोळ्यांनी गुण येईल ना?' असे विचारणारे पालक मला नेहमी भेटतात. प्रश्न रास्त आहे. पण थुंकीचा नमुना दिला की उत्तर मिळते, हे पटत नाही.

अमेरिकेत 439 मुलामुलींवर झालेल्या 'टॅड्स' अभ्यासाचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. बारा आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध घेणाऱ्यांपैकी 61 टक्के सुधारले, सोबत 'सीबीटी' ही समुपदेशनाची पद्धत असलेल्यांपैकी 71 टक्के. आणि औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपैकीही 35 टक्के! म्हणजे फ्लुओक्सेटिन सुरू केलेल्या प्रत्येकाच्या अहवालावर डोळे मिटून 'लागू पडेल' असे लिहिले, तरी दहांत सहा वेळा ते खरेच ठरेल. अशा जनुकीय चाचण्यांबाबत अमेरिकेच्या एफडीए ह्या औषध नियामक संस्थेने 2018 मध्येच सावध केले. तिथल्या बालमनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2020 मध्ये, मुलांसाठी औषध निवडताना त्या वापरू नयेत, असे सांगितले.

'करून पाहिली तर बिघडले कुठे?' असे कोणी म्हणेल. 'लागू पडणार नाही' असा शेरा वाचून घाबरलेले पालक चालू गोळ्या परस्पर बंद करतात, तिथे बिघडते.

अंदाज बांधताच येत नाही, असे मात्र नाही. आजार फार दिवस रेंगाळलेला, आत्महत्येचे विचार तीव्र, घरात सतत खटके, तर गुण येणे अवघड जाते. हे समजायला प्रयोगशाळा नको, मुलाशी आणि घरच्यांशी निवांत बोलणे हवे. दुसरी खूण म्हणजे पहिल्या चार आठवड्यांतला उतार. तो दिसला नाही, तरी हात टेकायचे कारण नाही. पहिल्या औषधाने गुण न आलेल्या 334 मुलांच्या 'टॉर्डिया' अभ्यासात नुसते औषध बदलल्यावर 41 टक्के सुधारले, सोबत सीबीटी दिल्यावर 55 टक्के.

तेव्हा पालकांनी चाचणीचे पैसे राखून ठेवावेत, चौथ्या आठवड्याची भेट चुकवू नये आणि 'आता पुढे काय?' हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. आपल्या पुरवणीनेही हे तितक्याच ठळकपणे छापावे. सोबत 'टेलि-मानस' ह्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांकही द्यावा.

— एक शालेय समुपदेशिका, सातारा