कॉटर पिनेचा कैवार

जुन्या सायकलींना पुन्हा बरे दिवस आले आहेत, असे म्हणतात. इंदूरच्या रामबागेत, ग्वाल्हेरच्या लष्करात, बडोद्याच्या दांडिया बाजारात वाड्यांच्या जिन्याखाली वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या रॅले, हंबर, हर्क्युलिस आता बाहेर निघत आहेत आणि नातवंडे त्यांवर फडके फिरवीत आहेत. आम्हांला याचा आनंदच व्हावयास हवा. परंतु फडके फिरवून झाले की जे हत्यार प्रथम चालते ते ग्राइंडर असते, आणि त्याचा पहिला बळी म्हणजे क्रँक. ‘कॉटरवाला जुना माल आहे, निघणार नाही, निघाला तरी पुन्हा बसणार नाही, कापून टाकू आणि नवा ॲलॉयचा सेट घालू,’ असा निवाडा दुकानात दोन मिनिटांत होतो. त्या निवाड्याविरुद्ध आमची ही फिर्याद आहे.

ज्यांनी उमेदीची वर्षे सायकलीवर काढली त्यांना कॉटर म्हणजे काय हे सांगणे नको. पुढील पिढीसाठी एवढेच सांगतो की, ती एक पाचर आहे. बोटाच्या पेऱ्याएवढी पोलादी पिन, तिची एक बाजू उतरती कापलेली. ती क्रँकच्या भोकातून एक्सलच्या सपाट खाचेवर दाबून बसते आणि पलीकडून वायसर व नट लागतो. ओझे पाचर वाहते; नट केवळ तिला जागेवर धरून ठेवतो. हे ज्याला कळले नाही तो नटच आवळत बसतो, आटे मारतो आणि मग दोष कॉटरला देतो.

‘निघत नाही’ हे विधान तर सरळ असत्य आहे. निघत नाही ती घाई करणाऱ्याच्या हातून. आदल्या रात्री पिनेच्या दोन्ही टोकांशी रॉकेल किंवा पातळ तेल सोडावे. सकाळी नट पुरता न काढता पिनेच्या टोकाशी समपातळीत आणून ठेवावा, म्हणजे आटे चेपत नाहीत. क्रँकच्या खाली, पिनेचे डोके जिकडून बाहेर यावयाचे त्या बाजूस, पोकळ नळीचा तुकडा जमिनीपासून घट्ट टेकवावा. नळी इतकी रुंद असावी की पिनेचे डोके तिच्यात उतरेल. मग एकच नेमका, भरीव घाव. दहा भित्रे टोले घातले तर पिनेचे टोक छत्रीसारखे पसरते आणि ती खरोखरच अडकते. हातोडीऐवजी शिकंजा लावून पिन दाबून काढता आली तर फारच उत्तम. या सर्वांत त्या नळीच्या तुकड्याचे मोल आम्ही सर्वाधिक मानतो. आधार न देता घाव घातला की तो एक्सलमार्गे छऱ्यांवर आणि छऱ्यांखालच्या कपांवर जातो, कपांत बारीक खड्डे पडतात, आणि पुढे पायडल फिरवताना जी खरखर लागते तिला कारागीर ‘जुनेपणा’ हे नाव देतो. ती त्याच्याच हातोडीची करणी असते.

‘पुन्हा बसत नाही’ हेही तसेच. इंग्लंडमधील बनावटीला बहुधा साडेनऊ मिलिमीटर व्यासाची पिन लागते. दुकानदार हाताशी असलेली नऊची देतो, ती खेळते आणि पायडलाच्या फेऱ्यागणिक टक-टक ऐकू येते. नवी पिन घ्यावी, तिचा उतार कानसीने थोडा थोडा घासून खाचेला जुळवावा. दोन्ही पिना परस्परांच्या उलट दिशेने घालाव्यात, अन्यथा दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. दहा-पंधरा किलोमीटर चालवून नट पुन्हा एकदा पाहावा. संपले. आपल्याकडची साधी काळी सायकल आजही कॉटरवरच चालते, लुधियानात या पिना आजही तयार होतात आणि चहाच्या किमतीत मिळतात. अशा वस्तूला ‘मिळत नाही’ म्हणणे हा आळस आहे.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे आम्हांला मान्य आहे. चौकोनी टोकाच्या एक्सलवर बसणारा बिनकॉटरचा क्रँक हलका असतो आणि पुलर लावला की सुखाने निघतो. ती काही कालची युक्तीही नव्हे. फ्रान्समध्ये 1930च्या दशकातच असे क्रँक बनू लागले होते. ज्याला तो हवा त्याने तशी सायकल अवश्य घ्यावी. पण जुन्या फ्रेममध्ये तो घालावयाचा म्हणजे काय करावे लागते, हे कोणी सांगत नाही. फ्रेमच्या तळाशी ज्या आडव्या नळीत एक्सल फिरतो, जिला कारागीर बी.बी. म्हणतात, तिला इंग्लंडमधील रूढ मापाने इंचास 24 आटे असतात. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने मात्र आपले वेगळे माप धरले: इंचास 26 आटे, आणि नळीची रुंदी 68 मिलिमीटर नव्हे तर 71 किंवा त्याहून अधिक. बाजारातील नवे सीलबंद बेअरिंग 24 आट्यांचे. ते सरळ जात नाही म्हणून टॅप फिरवून 26 वर 24 कापले जातात; दोन्ही आटे एकमेकांना खातात आणि त्या नळीत पुढे ना जुना कप धरतो ना नवा. त्यातच चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात हे ठाऊक नसले, तर तो काढण्याच्या झटापटीतच अर्धा नाश होऊन गेलेला असतो. आमच्या परिचयाच्या एका घरातील सायकलीचे नेमके हेच झाले. आता ती दिवाणखान्यात टांगलेली आहे आणि पाहुणे तिचे कौतुक करतात.

बरे, क्रँकबरोबर काय जाते? चेनव्हील जाते. कित्येक जुन्या सायकलींची ओळख त्यावरच कोरलेली असे: रॅलेवर बगळे, हंबरवर मानवाकृतींचे कडे, रजवर हाताचा पंजा, बी.एस.ए.वर तिची तीन अक्षरे. नळीवरचा रंग उडतो, बिल्ला हरवतो, पण ही सही राहते. घरातील मोडी कागद वाचता येत नाहीत म्हणून ते बंबात घालणारे आपल्यात होऊन गेले. त्यांना नावे ठेवणाऱ्यांनीच हे चेनव्हील भंगारात किलोवर द्यावे, याला काय म्हणावे! देवळाच्या काळ्या पाषाणाला ऑइलपेंट फासून त्याला जीर्णोद्धार म्हणण्याची आपली सवय जुनीच आहे म्हणा.

बदल करूच नये, असे आमचे मत नाही. गुडघे कुरकुरतात, चढ झेपत नाही, ही अडचण खरी आहे. पण तिचे उत्तर मागच्या चाकात आहे. पुढे 46 आणि मागे 18 दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक अडीच फेऱ्यांहून किंचित अधिक फिरते. मागे 22 दात्यांची फ्री बसवली की तेच दोन फेऱ्यांच्या आसपास येते आणि चढ पुष्कळच सोपा होतो. चेनला एक-दोन कड्या वाढवाव्या लागतात, इतकेच. जुनी फ्री डब्यात ठेवावी. नातवाला हवी तर तो पुन्हा बसवील. ज्या बदलाला परतीची वाट आहे त्याला आमची हरकत नाही. ग्राइंडर आणि टॅप यांना ती वाट नसते, म्हणून आमची हरकत त्यांना आहे.

ज्यांनी क्रँक आधीच बदलून घेतला आहे, त्यांनी प्रथम कारागिराला विचारावे की बी.बी.चे आटे कापले की नाहीत. कापले नसतील तर बहुधा अजून सर्व परत बसविता येईल. काढलेला एक्सल, दोन्ही कप, क्रँक आणि चेनव्हील दुकानातून मागून आणावे, रॉकेलने धुवावे, तेलाच्या फडक्यात गुंडाळावे आणि कोणत्या सायकलीचे आहे ते चिठ्ठीवर लिहून सोबत बांधून ठेवावे. दुकानाच्या कोपऱ्यातील भंगाराचा ढीग फार दिवस तेथे राहत नाही.